विसाव्या शतकाचा इतिहास आणि सामान्य वाचक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात दर महिन्याला भरणाऱ्या आमच्या एका छोट्या वाचकगटात विसाव्या शतकातील राजकारण, युद्धे आणि संस्कृती या विषयांवरील, सामान्य वाचकांसाठी लिहिलेली पुस्तके वाचली जातात. नव्याने येणारे वाचक, त्यात महाविद्यालयीन विद्यार्थी असतात तसे निवृत्त अधिकारीही असतात, जवळजवळ तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरे एकदा नीट लिहून काढावीत, असे बरेच दिवस मनात होते. उत्तरे माझी आहेत. गटातील सर्वांना ती मान्य असतीलच असे नाही.

प्रश्न : लोकप्रिय इतिहास म्हणजे नेमके काय? तो अभ्यासकांच्या इतिहासापेक्षा कमी प्रतीचा असतो का?

विषयाचे पूर्वज्ञान नसलेल्या परंतु जिज्ञासू वाचकासाठी, कथनाच्या ओघात लिहिलेला इतिहास म्हणजे लोकप्रिय इतिहास, एवढी व्याख्या पुरेशी आहे. मराठीला हा प्रकार नवा नाही. आपल्याकडे बखर होती, आणि बखरीवर विसंबू नये असे सांगणारे इतिहासाचार्य राजवाडेही होते. 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करताना त्यांनी अस्सल पत्रांना जे स्थान दिले, त्यामुळे मराठी वाचकाला फार लवकर एक भेद कळला : सांगितलेली हकीकत वेगळी आणि त्या काळाचा कागद वेगळा. विसाव्या शतकावरील पुस्तके वाचतानाही हाच भेद उपयोगी पडतो.

प्रत मात्र प्रकारावरून ठरत नाही. दोनशे तळटीपा असलेला प्रबंध चुकीचा असू शकतो आणि ओघवत्या भाषेतील पुस्तक अत्यंत काटेकोर असू शकते. माझी कसोटी एकच आहे, आणि पुढील बहुतेक उत्तरे तिच्याभोवतीच फिरतील : ‘हे लेखकाला कशावरून कळले?’ हा प्रश्न मनात आला की पुस्तकातच त्याचे उत्तर सापडले पाहिजे.

प्रश्न : चरित्रात्मक कादंबरी आणि चरित्र यांतील फरक कसा ओळखावा?

संवादांवरून. बंद दाराआड दोन माणसे काय बोलली हे अवतरणचिन्हांत, हुंदक्यांसकट आणि खिडकीबाहेरच्या पावसासकट छापलेले असेल, तर त्या दोघांपैकी कोणी ते लिहून ठेवले होते का, हे पाहावे. लिहून ठेवले नसेल तर ती कादंबरी आहे, मुखपृष्ठावर काहीही म्हटलेले असो. कादंबरी वाचू नये असे मी म्हणत नाही. आपल्या अनेक पिढ्यांना इतिहासाची गोडी कादंबरीनेच लावली. परंतु कादंबरीतील वाक्य पुढे भाषणात, मग लेखात आणि अखेर दुसऱ्या ‘इतिहासा’त पुरावा म्हणून येते, तेव्हा हानी होते आणि ती भरून काढायला फार काळ लागतो.

प्रश्न : पुस्तक विकत घेण्यापूर्वी काय पाहावे?

अप्पा बळवंत चौकात उभ्या उभ्या पाच मिनिटांत होईल अशी तपासणी सांगतो. प्रथम शेवटची पाने उघडावीत. तेथे संदर्भसूची आहे का, आणि असल्यास तीत केवळ इतर लोकप्रिय पुस्तकांचीच नावे आहेत, की वृत्तपत्रे, अहवाल, पत्रव्यवहार, मुलाखती यांचाही समावेश आहे, हे पाहावे. त्यानंतर शब्दसूची पाहावी. मराठी पुस्तकांत ती अनेकदा नसते, ही माझी जुनी खंत आहे. एका जाडजूड चरित्राच्या दुसऱ्या आवृत्तीत पाने वाचवण्यासाठी सूची वगळलेली मी पाहिली आहे. सातशे पानांच्या पुस्तकातून सूची काढून टाकणे म्हणजे वाड्याचे दार बुजवण्यासारखे आहे. शेवटी स्वतःला बऱ्यापैकी माहीत असलेला एखादा प्रसंग काढून ते एकच पान वाचावे. त्यात ढोबळ चुका असतील तर अपरिचित पानांवरही त्या असणार, असे धरून चालावे.

मुखपृष्ठावरील ‘प्रथमच उघड होणारे सत्य’ यासारख्या ओळींना मी काहीही महत्त्व देत नाही.

प्रश्न : एकाच घटनेतील मृतांचे आकडे प्रत्येक पुस्तकात वेगळे का असतात? कोणता खरा मानावा?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि तो विचारलाच पाहिजे. 13 एप्रिल 1919 रोजी जालियनवाला बागेत 1,650 फैरी झाडल्या गेल्या, हा आकडा सर्वत्र सारखा आढळतो, कारण तो लष्कराच्या खर्ची पडलेल्या काडतुसांवरून आलेला आहे. मृतांचा सरकारी आकडा 379 आहे, तर काँग्रेसच्या चौकशी समितीने तो सुमारे एक हजार धरला. काडतुसे मोजणारी यंत्रणा होती आणि माणसे मोजणारी नव्हती, एवढे या दोन आकड्यांच्या तुलनेतून समजते. कोणताही एक आकडा ठामपणे छापून मोकळे होणारे पुस्तक हे समजू देत नाही.

1943 च्या बंगालमधील दुष्काळाचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. सरकारी चौकशी आयोगाने सुमारे 15 लाख मृत्यू मानले. पुढील अभ्यासकांचे अंदाज 21 लाखांपासून 30 लाखांपर्यंत जातात. ही तफावत लबाडीतून आलेली नाही. खेड्यांतील जन्म-मृत्यूच्या नोंदी आधीच अपुऱ्या होत्या, दुष्काळात नोंद करणारा चौकीदारही उपाशी किंवा परागंदा होता, आणि उपासमार संपल्यानंतर मलेरियाने, पटकीने झालेले मृत्यू दुष्काळाचे धरावेत की नाहीत, यावर हिशेब अवलंबून आहे. 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मेली, यावर सर्वसाधारण एकमत आहे. त्यापुढे कोणी 1 कोटी 20 लाख म्हणतो, कोणी दोन कोटींच्या जवळ जातो.

घरच्या उदाहरणाकडे वळायचे, तर संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातील हुतात्म्यांची संख्या कोठे 105, कोठे 106 तर कोठे 107 अशी वाचायला मिळते. एवढ्या अलीकडच्या, एवढ्या जवळच्या आणि वृत्तपत्रांनी रोज टिपलेल्या घटनेबाबत जर यादी वाढत गेली असेल, तर फाळणीतील मृतांबाबत दोन लाखांपासून दहा लाखांच्याही पुढे जाणारे अंदाज का आहेत, हे समजायला अवघड जाऊ नये. म्हणून एकच आकडा निवडण्यापेक्षा आकड्यामागची मोजणी कोणी, केव्हा आणि कशासाठी केली, हे सांगणारे पुस्तक निवडावे.

प्रश्न : दोन पुस्तके एकाच घटनेबद्दल परस्परविरोधी सांगत असतील तर काय करावे?

शक्य असेल तेथे मूळ दस्तऐवज वाचावा. पुणेकरांच्या दृष्टीने याचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे 24 सप्टेंबर 1932 चा पुणे करार. अस्पृश्यांना देऊ केलेल्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी 20 सप्टेंबरला उपोषण सुरू केले आणि पाचव्या दिवशी करार झाला. या पाच दिवसांवर दोन प्रकारची पुस्तके आहेत. एका प्रकारात ही आत्मशुद्धीची आणि हिंदू समाजाला जाग आणणारी कथा आहे, तर दुसऱ्यात ती डॉ. आंबेडकरांवर आणलेल्या असह्य दडपणाची कथा आहे. गांधीजींचे सचिव प्यारेलाल यांनी उपोषणाचा वृत्तांत त्याच वर्षी पुस्तकरूपाने दिला. डॉ. आंबेडकरांनी 1945 साली काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा ताळेबंद मांडणारे पुस्तक लिहिले, आणि त्यात त्यांचे या कराराविषयीचे कठोर मत स्पष्ट शब्दांत आहे. दोन्ही पुस्तके घटनेत प्रत्यक्ष सहभागी असलेल्यांची आहेत. दोन्ही वाचावीत.

परंतु त्यांच्याआधी कराराचा मसुदा वाचावा. तो अगदी छोटा आहे. लोकप्रिय पुस्तकांत त्याचा सारांश बहुधा एका वाक्यात येतो : स्वतंत्र मतदारसंघ सोडले आणि त्याबदल्यात जादा जागा मिळाल्या. प्रांतिक कायदेमंडळांत 148 राखीव जागा देण्यात आल्या, हे खरे आहे. मात्र मसुद्यात त्याहून बारीक आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची तरतूद आहे. प्रत्येक राखीव जागेसाठी प्रथम केवळ अस्पृश्य वर्गातील मतदारांनी चार उमेदवारांची निवड करायची आणि मग त्या चौघांतून संयुक्त मतदारसंघाने एकाला निवडायचे, अशी ती दुहेरी पद्धत होती, आणि ती दहा वर्षांनी संपायची होती. ही तरतूद माहीत नसेल तर नंतरचे सारे वाद अर्धवट कळतात. करारावर गांधीजींची स्वाक्षरी नाही, हेही अनेकांना प्रथम मसुदा पाहिल्यावरच कळते.

मूळ कागद वाचल्याने वाद मिटतो, असा माझा दावा नाही. दडपण होते की नव्हते हे मसुदा सांगत नाही. मात्र वाद नेमका कशावर आहे हे तो सांगतो, आणि मग दोन्ही बाजूंची पुस्तके अधिक न्यायाने वाचता येतात.

प्रश्न : युद्धावरील पुस्तके कशी वाचावीत? ती केवळ शौर्यकथा असतात असे वाटते.

नकाशा जवळ ठेवून वाचावीत. नकाशा नसलेले युद्धाचे पुस्तक अपुरे असते, आणि मराठीत अशी पुस्तके दुर्दैवाने पुष्कळ आहेत. कोणती टेकडी कोणाच्या ताब्यात होती, नदी कोठे उतरता येत होती, रस्ता एकच होता की दोन, यांवर लढाई बऱ्याचदा ठरते. शौर्याचे वर्णन वाचताना ते शौर्य दाखवण्याची वेळ का आली, हा प्रश्न विचारावा. दारूगोळा संपला होता का, रसद पोहोचली नव्हती का, हुकूम उशिरा मिळाला का? ज्या पुस्तकात रसदीवर एकही प्रकरण नाही, त्यातील विजय आणि पराभव दोन्ही मला समजलेले नाहीत.

दुसरे असे की युरोपात लिहिलेल्या लोकप्रिय पुस्तकांतील महायुद्ध आणि आपल्या घरांतले महायुद्ध एक नव्हते. पहिले महायुद्ध म्हटले की त्या पुस्तकांत फ्रान्समधील खंदक येतात. मराठा पलटणींतील अनेकांचे युद्ध मात्र मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होते. तेथील कूत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकलेल्या, उपासमारीला आणि आजाराला तोंड देणाऱ्या फौजेत मराठा शिपाई होते, आणि 29 एप्रिल 1916 रोजी त्या फौजेने शरणागती पत्करल्यावर त्यांतील कित्येकांच्या वाट्याला कैद आली. दुसऱ्या महायुद्धात हिंदी लष्कर सुमारे दोन लाखांवरून पंचवीस लाखांपर्यंत वाढले. इटलीतील मोहिमेत यशवंत घाडगे यांना जुलै 1944 मधील आणि नामदेव जाधव यांना एप्रिल 1945 मधील कामगिरीबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला. इटलीच्या मोहिमेवरील जाड पुस्तकात या दोन नावांना एक ओळ तरी मिळाली आहे का, हे मी आवर्जून पाहतो.

पुण्यात राहणाऱ्याने पुस्तकाबरोबर दोन जागा पाहाव्यात. एक, खडकीची युद्धस्मशानभूमी, जेथे दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेहून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत आणि पहिल्या महायुद्धातील मृतांचे स्मारकही आहे. कबरींवरील वये वाचली की पुस्तकातील ‘जीवितहानी’ या शब्दाला वजन येते. दुसरी, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील सुदान ब्लॉक. प्रबोधिनीत प्रवेश परवानगीनेच मिळतो, परंतु त्या नावामागची हकीकत माहीत असावी. पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत सुदानच्या बचावासाठी लढलेल्या हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ सुदान सरकारने 1941 साली एक लाख पौंडांची देणगी दिली. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आलेले सत्तर हजार पौंड या इमारतीच्या कामी लागले. मुठेकाठच्या एका घुमटाखाली आफ्रिकेतील लढाई आणि फाळणीतील वाटणी एकत्र आली आहे, आणि मला स्वतःला विसाव्या शतकाचा आवाका समजावून सांगायला याहून नेमके उदाहरण अद्याप सापडलेले नाही.

प्रश्न : स्वातंत्र्योत्तर युद्धांवर निर्णायक पुस्तक अजून का नाही?

कारण सर्व कागद खुले झालेले नाहीत. 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानुसार आणि त्याखालील नियमांनुसार पंचवीस वर्षांहून जुने अभिलेख राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जाणे अपेक्षित आहे, परंतु गोपनीय ठरवलेल्या कागदांना ते आपोआप लागू होत नाही. 1962 च्या पराभवाची लष्करी चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांचा अहवाल 1963 मध्ये सादर झाला. सरकारने तो आजवर अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. त्याचा काही भाग 2014 मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने महाजालावर ठेवला, तेव्हाच तो लोकांसमोर आला. संरक्षण मंत्रालयाने जून 2021 मध्ये युद्धांचा इतिहास पाच वर्षांत संकलित करावा आणि अभिलेख सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांत खुले करावेत, असे धोरण जाहीर केले.

याचा वाचकासाठी अर्थ असा की 1962, 1965 किंवा 1971 वरील पुस्तके मुख्यतः सेनाधिकाऱ्यांच्या आठवणी, पलटणींचे इतिहास, मुलाखती आणि वृत्तपत्रे यांवर उभी असतात. ती त्याज्य नाहीत. पूना हॉर्स या रणगाडा पलटणीचे तारापोर 1965 मध्ये आणि अरुण खेतरपाल 1971 मध्ये कसे लढले, हे त्यांच्याबरोबर लढलेल्यांकडूनच कळणार. फक्त पराभवाचे खापर फोडताना लेखक स्वतः त्या वेळी कोणत्या हुद्द्यावर होता, हे पहिल्या पानावरच पाहून ठेवावे.

प्रश्न : अनुवादित पुस्तके वाचावीत का?

अवश्य. जगातील इतिहास मराठीत आला तो बव्हंशी अनुवादाच्या वाटेने. मात्र तीन गोष्टी तपासाव्यात. अनुवाद संपूर्ण आहे की संक्षिप्त, हे प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलेले असावे. मूळ पुस्तकातील टिपा आणि संदर्भ ठेवले आहेत का, ते पाहावे, कारण पाने कमी करताना पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते. तिसरी गोष्ट आकड्यांची. मिलियन म्हणजे दहा लाख आणि बिलियन म्हणजे शंभर कोटी, हे ठाऊक असूनही घाईत मिलियनचे लाख होतात आणि महायुद्धातील मृतांची संख्या एका फटक्यात दहापट खाली येते. मी अशा चुका पेन्सिलीने समासात नोंदवतो आणि प्रकाशकाला कळवतो. एकदा पुढील आवृत्तीत दुरुस्ती झालेली पाहून फार समाधान वाटले होते.

तारखांचेही असेच आहे. रशियातील ऑक्टोबर क्रांती आपल्या दिनदर्शिकेप्रमाणे 7 नोव्हेंबर 1917 रोजी झाली, कारण रशियात तेव्हा जुनी कालगणना चालू होती आणि तीनुसार तो दिवस 25 ऑक्टोबर होता. अनुवादकाने एका प्रकरणात जुनी आणि दुसऱ्यात नवी तारीख ठेवली, तर घटनांचा क्रमच उलटतो.

प्रश्न : मराठीत लिहिताना काहींना ‘म्हणाले’ आणि काहींना ‘म्हणाला’ असे का लिहितात? यात पक्षपात नाही का?

आहे, आणि तो इतका अंगवळणी पडलेला आहे की डोळ्यांना दिसत नाही. गांधीजी म्हणाले, टिळक म्हणाले, चर्चिल म्हणाले किंवा म्हणाला, हिटलर म्हणाला. मराठीत क्रियापद लिहिताच लेखकाला निवाडा द्यावा लागतो. इंग्रजीतील इतिहासकाराला ही अडचण नाही आणि ही सोयही नाही. जिनांबाबत मराठी लेखक एकाच पुस्तकात कसे डळमळतात, हे पाहण्यासारखे आहे : काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यातील लखनौ कराराच्या प्रकरणापर्यंत ‘जिना म्हणाले’ आणि फाळणीच्या प्रकरणात ‘जिना म्हणाला’. व्यक्तीविषयीचे मत बदलले की व्याकरण बदलते. शिपाई, कामगार, स्वयंपाकीण, आंदोलनात गोळी लागलेला अनोळखी तरुण यांना मात्र बहुतेक वेळा एकेरीच मिळते.

माझे मत असे की लेखकाने प्रारंभीच एक धोरण ठरवावे आणि ते पाळावे. सर्वांना आदरार्थी किंवा सर्वांना एकेरी, यांपैकी काहीही चालेल. वाचकाने मात्र हे बदल टिपत जावे. लेखकाची सहानुभूती कोठे आहे हे प्रस्तावनेपेक्षा क्रियापदांवरून लवकर कळते.

प्रश्न : आत्मचरित्रे आणि आठवणी इतिहास म्हणून कितपत विश्वासार्ह असतात?

तारखांसाठी कमी आणि वातावरणासाठी अधिक. पंचवीस-तीस वर्षांनी लिहिताना माणूस प्रसंगांचा क्रम विसरतो, नंतर कळलेले आधीच कळले होते असे मानू लागतो आणि स्वतःच्या भूमिकेला थोडी झळाळी देतो. परंतु भाताची किंमत, चाळीतला नळ, संचारबंदीच्या रात्रीची शांतता या गोष्टी अहवालांत सापडत नाहीत. रमाबाई रानडे यांच्या 1910 सालच्या आठवणी असोत किंवा सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून प्रसिद्ध होत गेलेली दलित आत्मकथने असोत, ज्यांच्याविषयी दप्तरात नोंदच होत नव्हती त्यांचे विसावे शतक आपल्याला तेथेच भेटते. या पुस्तकांना ‘केवळ अनुभव’ म्हणून बाजूला सारणारे इतिहासलेखन मला अपुरे वाटते.

प्रश्न : नाटक, संगीत, चित्रपट यांचा इतिहास वाचताना वेगळी काळजी घ्यावी लागते का?

घ्यावी लागते, कारण येथे दंतकथा फार आहेत आणि मूळ वस्तू फार नष्ट झाल्या आहेत. मूकपटांच्या काळात हिंदुस्थानात हजाराहून अधिक चित्रपट निघाले आणि त्यांतील अगदी मोजके उरले. उरलेल्यांतीलही काही जुने नायट्रेट फिल्मवरील चित्रपट जानेवारी 2003 मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत जळाले. म्हणजे मूकपटांवर आज जे लिहिले जाते ते बरेचसे जाहिराती, पुस्तिका, परीक्षणे आणि आठवणी यांवरून लिहिलेले असते, प्रत्यक्ष पाहून नव्हे. प्रामाणिक लेखक हे सांगतो.

चांगला सांस्कृतिक इतिहास कलावंतांच्या लहरींपेक्षा माध्यमाच्या मर्यादांविषयी बोलतो. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या ध्वनिमुद्रण तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन ते साडेतीन मिनिटे मावत. तासभर चालणारा राग तेवढ्यात बसवताना गायकाने काय ठेवले आणि काय सोडले, हे त्या काळच्या गायकीविषयी बरेच सांगून जाते, परंतु आपण तबकडीलाच मैफल समजून बसतो. 1929 मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये पुण्यात आली, हे सर्वांना माहीत असते. ती का आली, भांडवल कोठून आले, कामगारांना पगार कसा मिळे, ध्वनिमुद्रणाची यंत्रे कोणती होती, हे सांगणारे पान मला ताऱ्यांच्या प्रेमकथांपेक्षा अधिक वाचावेसे वाटते. ‘संत तुकाराम’ची 1937 साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात जी दखल घेतली गेली तीमागे हे सारे उभे होते.

प्रश्न : सुरुवात कोठून करावी?

स्वतःच्या गावापासून आणि स्वतःच्या आजोबा-आजींच्या वयापासून. महाराष्ट्राच्या राजकारणासाठी य. दि. फडके यांची ‘विसाव्या शतकातील महाराष्ट्र’ ही खंडमाला मी सुचवतो. ती सलग वाचावी लागत नाही, आपल्याला हवे ते वर्ष काढून वाचता येते, आणि त्या काळच्या वृत्तपत्रांचा एवढा वापर क्वचितच कोणी केला असेल.

प्रश्न : मूळ साधने पुण्यात कोठे पाहायला मिळतील? सामान्य वाचकाला तेथे येऊ देतात का?

पुण्यासारखी सोय फार थोड्या शहरांत आहे, आणि आपण तिचा पुरेसा उपयोग करत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. 1848 पासूनचे पुणे नगर वाचन मंदिर आणि 1911 पासूनचे पुणे मराठी ग्रंथालय येथे जुनी, आता बाजारात न मिळणारी पुस्तके आहेत. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या आवारातील ग्रंथालयात सरकारी अहवाल आणि जनगणनेचे खंड पाहता येतात. विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय आहे. भारत इतिहास संशोधक मंडळ मुख्यतः आधीच्या शतकांसाठी प्रसिद्ध असले, तरी त्याचे स्वतःचे 1910 पासूनचे कार्यच विसाव्या शतकाचा भाग आहे. चित्रपटांसाठी विधी महाविद्यालय रस्त्यावरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे आहेत. ओळखपत्र, काही ठिकाणी शिफारसपत्र आणि सर्वत्र थोडा संयम बरोबर न्यावा.

घरबसल्याही बरेच मिळते. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून प्रसिद्ध केलेले डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड, महात्मा गांधींचे शंभर खंडांतील समग्र वाङ्मय आणि संविधान सभेतील चर्चा संगणकावर विनामूल्य वाचता येतात. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर मूळ फायलींची छायाचित्रे आहेत. 1947 च्या सत्तांतराविषयी कोणतेही ठाम विधान वाचले, तर ब्रिटिश सरकारने 1970 ते 1983 या काळात बारा खंडांत प्रसिद्ध केलेली 1942 ते 1947 ची कागदपत्रे ग्रंथालयात उघडून पाहावीत.

प्रश्न : मोबाइलवर इतिहासाचे उतारे येतात. ते खरे असतात का?

पुस्तकाचे नाव, आवृत्तीचे वर्ष आणि पृष्ठक्रमांक नसेल तर पुढे पाठवू नये. तिन्ही असतील तर एकदा ते पान उघडून पाहावे.

प्रश्न : घरात जुनी पत्रे, रोजनिशी, शिधापत्रिका, छायाचित्रे आहेत. त्यांचा काही उपयोग आहे का?

फार मोठा उपयोग आहे. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतील किती घरांतून किती कागद वाहून गेले, याची गणती कोणीच करू शकणार नाही. आमच्या गटातील एका वयोवृद्ध बाईंनी सांगितले की वडिलांच्या 1942 च्या तुरुंगातील पत्रांची पेटी त्या दिवशी गेली, आणि त्या पत्रांत काय होते हे आता त्यांच्या आठवणीत जेवढे आहे तेवढेच उरले आहे. आम्ही ते त्यांच्याकडून लिहून घेतले, आठवण म्हणून, पत्र म्हणून नव्हे.

जे उरले आहे ते असे सांभाळावे. कागद ज्या क्रमाने सापडले तो क्रम मोडू नये, कारण गठ्ठ्यातील शेजारही माहिती देतो. चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. टाचण्या गंजलेल्या असतील तर हलक्या हाताने काढाव्यात. छायाचित्राच्या मागे शाईने न लिहिता मऊ पेन्सिलीने नावे, ठिकाण आणि साधारण वर्ष लिहावे, आणि ज्याचे नाव निश्चित नाही तेथे प्रश्नचिन्ह घालावे. प्रत्येक पानाचे दिवसाउजेडी सरळ वरून छायाचित्र घ्यावे, पाकिटावरील टपालाच्या शिक्क्यासकट, कारण पत्रावर तारीख नसली तरी शिक्क्यावर असते. मोडी वाचता येत नसेल म्हणून कागद रद्दीत देऊ नयेत, मोडी वाचणारी माणसे पुण्यात आहेत. घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला तो गठ्ठा दाखवावा, ती काय सांगते ते तारीख घालून त्याच दिवशी लिहून काढावे, आणि ती वही त्या गठ्ठ्याबरोबरच ठेवावी.